पाहुण्याचे ऋण

अतिथिधर्मावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या धर्माची बहुतेक कलमे यजमानासाठी आहेत. वैश्वदेव आटोपल्यावर दारात जाऊन वाट पाहावी, आलेल्याचे कुलगोत्र न विचारता त्याला पान मांडावे, तो विन्मुख गेला तर आपले पुण्य घेऊन जातो हे ध्यानात ठेवावे, इत्यादी. आलेल्या माणसाने काय करावे, ज्या उंबरठ्याच्या आत त्याने पाऊल टाकले त्याचे तो काय देणे लागतो, याविषयी शास्त्रकार बरेचसे मुग्ध आहेत. सूर्याने दिलेली थाळी घासून पालथी घातल्यावर दुर्वास शिष्यांसह वनवासी पांडवांच्या दारी आला. त्या कथेत कसोटी लागली ती द्रौपदीची. अशा वेळी यावे काय, असा जाब दुर्वासाला कोणी विचारला नाही.

हा प्रश्न माझ्या मनात नुसत्या वाचनाने आला असता तर तो मी तेथेच सोडून दिला असता. तो आला एका प्रवासातून. परदेशातील माझा एक स्नेही आठ दिवसांसाठी या देशात आला होता. त्याचे दोन मित्र, पतिपत्नी, शहापूर तालुक्यातील एका खेड्यात वर्षभर मुलांना इंग्रजी शिकवीत होते. त्यांना भेटावे एवढाच त्याचा हेतू. मी मुंबईहून दुभाषी म्हणून बरोबर निघालो. आसनगावला गाडीतून उतरलो तो समोर माहुलीचे सुळके. याच किल्ल्यावर १६३६ साली निजामशाही वाचविण्याचा शहाजीराजांचा शेवटचा यत्न संपला, हे मी मोठ्या उत्साहाने पाहुण्याला सांगितले. त्याने विचारले, "तुम्ही येथे नेहमी येता वाटते?" मी आयुष्यात प्रथमच येत होतो.

वैशाख होता. शाळा सुटीची होती, तरी ती दोघे उरलेल्या मुलांना जमवून शिकवीत. 'उरलेल्या' म्हणण्याचे कारण असे की कातकरी व ठाकूर समाजातील कित्येक कुटुंबे भाताची कापणी उरकली की वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे वर्षभरासाठी आलेला मास्तर आणि सहा महिन्यांसाठी असलेला विद्यार्थी अशी ही गाठ. परदेशी शिक्षक येतात, मुलांना लळा लावतात आणि निघून जातात, हा आक्षेप मी मनात तयार ठेवून गेलो होतो. तेथे पाहिले तो आधी निघून गेलेली मुलेच होती.

दुपारी आम्ही एका वाडीवर गेलो. एका वृद्ध बाईने ओसरीत गोधडी अंथरली आणि न विचारता लोट्यातून पाणी आणले. विहीर आटली होती. ते पाणी टँकरचे की ओहोळाच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीने भरलेले, हे मी विचारले नाही. माझ्या परदेशी स्नेह्याने आपल्या मित्राकडे पाहिले. मित्राने लोटा घेतला आणि सरळ प्याला. मग स्नेहीही दोन घोट प्याला. लोटा माझ्याकडे आला तेव्हा मी हसून हात जोडले व पिशवीतली बाटली काढून दाखविली. प्रकृतीला जपावे लागते, असे काहीसे पुटपुटलो. बाई काही बोलली नाही. तिने लोट्यात उरलेले पाणी मडक्यात परत ओतले.

त्या बाटलीत माझ्या घरच्या नळाचे पाणी होते. मुंबईच्या नळाला येणारे पाणी कोठून येते? तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ साली. पुढे भातसा आली, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा भाग एकट्या भातसेतून येतो. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातलीच. त्याच तालुक्याच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वर्तमानपत्रांतून दरसाल छापून येते आणि दरसाल वाचून होते. तेव्हा त्या ओसरीवर बसून मी तिच्याच डोंगरांचे पाणी तिच्या देखत प्यालो, आणि तिच्या हातचे नाकारले. समुद्रापलीकडून आलेला मनुष्य आणि मी, या दोघांत तेथे परका कोण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

संध्याकाळी इंग्रजीचा विषय निघाला. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, हा चिपळूणकरांच्या नावावर चालत आलेला शब्द आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आणि त्या दुधाने आपण वाघ झालो की नुसतेच तहानलेले राहिलो, हा वादही जुना आहे. मी त्या शिक्षकाला जरा आढ्यतेनेच विचारले, ज्या मुलांच्या पोटात धड भाकरी नाही त्यांना तुमच्या क्रियापदांचा काय उपयोग? त्याने वाद घातला नाही. मुलांच्या आईबापांनीच ते मागितले, एवढेच तो म्हणाला. हे खरे असावे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. उच्च न्यायालयाचा कारभार आजही इंग्रजीतच चालतो. आणि ज्याची जमीन जाते त्याला ती कोणत्या कागदाने गेली हे समजले पाहिजे. ज्याने स्वतः ती भाषा पोटभर घेतली त्याने दुसऱ्याला तिच्या व्यर्थतेचा उपदेश करणे, हे जेवून उठलेल्याने उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

शिवाय माझा मराठीचा अभिमान तेथे एका वेगळ्याच कारणाने लटका पडला. त्या मुलांची घरची बोली ठाकरी वा कातकरी. आपले पाठ्यपुस्तकातले मराठी त्यांना शाळेच्या पायरीवर प्रथम भेटते, आणि त्या पायरीवर त्यांच्या घरचे शब्द 'अशुद्ध' म्हणून उतरवून ठेवावे लागतात. म्हणजे इंग्रजीच्या मास्तराने त्यांच्यावर जे लादले असे मी म्हणत होतो, ते त्याच्या कितीतरी आधी मी आणि माझ्यासारख्यांनी लादले होते. फरक इतकाच की त्याला आपण परके आहोत हे ठाऊक होते.

परक्याने येथे कसे राहावे याचे काही दाखले आपल्याजवळ आहेत. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले ते मराठी ओवीत. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्याच्याशिवाय आजही आपले अडते. हेतू त्यांचे निराळे होते, एकाचा धर्मप्रसाराचा आणि दुसऱ्याचा राज्यकारभाराच्या सोयीचा, हे विसरून चालणार नाही. तरीही शिकवायला येऊन ते आधी शिकले.

मला मात्र याहून जुना एक दाखला अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडकडे उतरलो. मुरबाडला रेल्वे नाही. पण कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलुखातून नाणेघाटाने देशावर चढत असे. घाटाच्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडेही कोरलेले आहेत. वर दगडी रांजण आहे. घाट चढून गेले की जुन्नर. तेथील लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख सापडतो. त्याने काय दिले? पाण्याची दोन टाकी. आणि हे दान त्याने आपल्या लिपीत, आपल्या भाषेत लिहून ठेवले नाही. येथल्या प्राकृतात, येथल्या ब्राह्मीत लिहविले. तो कोण होता, किती दिवस राहिला, कोणी त्याला पहिल्यांदा पाणी दिले, काहीच कळण्यास मार्ग नाही. पण पाण्याची परतफेड पाण्याने आणि यजमानाच्या भाषेत करावी, हे त्याला सुचले होते.

त्याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन दुपारी बसू लागल्या. अंगठ्याच्या ठिकाणी सही आली. या शाळेची छायाचित्रे देशोदेशी गेली, आणि ती पाहून दुरून पाहुणे येऊ लागले. माझ्या स्नेह्यालाही तेथे जावयाचे होते. त्याच्या मित्राने त्याला अडविले नाही. एवढेच विचारले की तेथे जाऊन तू काय करशील. स्नेही थोडा वेळ विचार करून म्हणाला, पाहीन. मग आम्ही गेलो नाही. हा संकोच योग्य होता की नाही, याबद्दल माझे मन अजून निश्चित नाही. कौतुकाने कोणी पाहायला आले तर त्या आजींना आनंदच झाला असता, असेही वाटते. आणि आनंद ही काही अगदीच क्षुल्लक दक्षिणा नव्हे. पण पाहणे हेच ज्याचे येणे, त्याच्या जाण्याने मागे काय उरते?

परत निघताना ती शिक्षक दोघे आसनगावपर्यंत आली. त्यांचे वर्ष दोन महिन्यांत संपणार होते. मुलांना किती इंग्रजी आली असे मी विचारले. फारशी नाही, असे ती दोघे एकदमच म्हणाली आणि हसली. बाईच्या हातात एक वही होती. तिच्यात एका बाजूला मुलांनी सांगितलेले घरचे शब्द रोमन लिपीत उतरविलेले होते, झाडांचे, भांड्यांचे, पावसाचे, आणि समोर त्यांचे अर्थ.

गाडी सुटल्यावर माझ्या स्नेह्याने विचारले, ओहोळाच्या वाळूत बायका तो खड्डा खणतात, त्याला त्या वाडीवर काय म्हणतात? मी दुभाषी होतो. परंतु मला ते सांगता येईना. तो म्हणाला, हरकत नाही, वहीत असेल.