अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन मला भेटायला आल्या. मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. मी दोघांना बसवले आणि सवयीने आईलाच विचारले, "हा चहा घेतो का?" उत्तर मुलाने दिले, "घेतो. साखर कमी." मी ओशाळलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'व्यक्ती म्हणजे कोण' यावर मी पानेच्या पाने लिहिली होती. बोएथियसची विवेकशील व्यक्तीची व्याख्या मला आजही पाठ आहे. गुणही चांगले पडले होते! आणि समोर बसलेल्या व्यक्तीला मात्र मी तिच्या देखत गैरहजर ठरवले.

चहा झाल्यावर मुलगा ग्रोटोजवळ मेणबत्ती लावायला गेला. तेव्हा त्या भगिनी हळूच म्हणाल्या, "फादर, मी रोज रोझरीत एकच मागते. देवाने याला माझ्या एक दिवस आधी न्यावे." अशी प्रार्थना करणाऱ्या त्या एकट्या नाहीत, हे मला पुढे घरभेटींत कळले. एखादी आई आपल्या लेकराचे मरण मागते, तेव्हा तिची श्रद्धा कमी पडली असे मी म्हणणार नाही. आपल्यामागे याला कोणी नाही, अशी तिची खात्री झालेली असते. ती खात्री तिला आपण, शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी, करून दिली आहे.

संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य आठवा. शिष्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, फक्त दबक्या आवाजात, आणि बहुतेक वेळा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवून. येशू तो प्रश्न सरळ फेटाळतो. मग त्या मनुष्याच्या डोळ्यांना चिखल लावून त्याला शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुण्यास सांगतो. प्रभूला त्याला जागच्या जागी बरे करता आले नसते का? पण त्याने त्याच्यावर काम सोपवले. तळ्यापर्यंत कोणी त्याचा हात धरला की तो चाचपडत एकटाच गेला, हे योहान सांगत नाही. जायचे होते ते मात्र त्यालाच.

पुढे परुशी त्याच्या आईवडिलांना बोलावून चौकशी करतात. तो आता मोठा झाला आहे, त्याच्याकडूनच जाणून घ्या, अशा अर्थाचे उत्तर ते देतात. सभास्थानातून घालवून देतील या भीतीने ते तसे बोलले, हे योहानाने लपवलेले नाही. पण भीतीपोटी का होईना, बोलले ते खरे! त्यानंतर तो मनुष्य स्वतः बोलतो, आणि विद्वानांना निरुत्तर करतो.

"तो बरा झाला, फादर. आमचा मुलगा होणार नाही," असे कोणी म्हणेल. खरे आहे. बौद्धिक दिव्यांगत्व हा औषधाने जाणारा आजार नव्हे. पण शिकणे थांबते असेही नाही. आपल्या कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते आणि मुलगा टीव्हीसमोर बसतो. म्हणून तयारी बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू झाली पाहिजे. प्रभू येशूसुद्धा नाझरेथात सुतारकाम शिकला. ते काही एका दिवसात आले नसेल.

बेकरीतून पाव आणणे घ्या. आधी बरोबर जायचे. मग आपण कोपऱ्यावर थांबून त्याला पुढे पाठवायचे. मग मोजके पैसे देऊन एकटा पाठवायचा, आणि शेवटी सुटे परत आणायला शिकवायचे. याला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष लागेल. दाढी करणे, गॅस बंद करणे, रिक्षावाल्याला पत्ता सांगणे हेही असेच. मुलींना मासिक पाळीत स्वतःची काळजी घेता आली पाहिजे, आणि नको त्या स्पर्शाला मोठ्याने 'नाही' म्हणता आले पाहिजे. पत्रिकेत हे लिहिताना संकोच वाटतो, पण न लिहिण्याची किंमत त्या मुलींना मोजावी लागते. प्रेमापोटी सगळे हातात देणारी आई नकळत मुलाचे हात बांधून ठेवते.

कागदपत्रांचेही सांगतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'मर्यादित पालकत्व' आणले आहे. त्यात ठरावीक निर्णयापुरते पालक आणि ती व्यक्ती मिळून ठरवतात. म्हणजे तिलाही विचारायचे. हे वाचताना मला नववा अध्यायच आठवला.

आता आपल्याबद्दल. आपल्या वसईत फुलांच्या वाड्या आहेत, बेकऱ्या आहेत, केटरर आहेत. मोगऱ्याच्या कळ्या निवडणे, केळीच्या पानांचे गठ्ठे बांधणे, लग्नात प्लेटा पुसून लावणे, ही कामे या मुलांपैकी कित्येकांना येतात किंवा शिकवता येतील. काम घ्या आणि मजुरी द्या. खाऊ देऊन भागवू नका. चर्चमध्येही मी सुरुवात करतो आहे. तो बावीस वर्षांचा मुलगा पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्साला दान गोळा करणाऱ्यांत असेल. रांग चुकली तर चुकू द्या.

त्याच मिस्सानंतर हॉलमध्ये अशा मुलांच्या कुटुंबांची बैठक आहे. जन्मदाखला, आधार आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांच्या प्रती आणाव्यात. आईवडिलांनी एकटे येऊ नये. मुलामुलींनाही बरोबर आणावे.

आपला,
फादर