‘ओ’ लिहिण्याआधी

चेन्नईच्या गिंडी भागात १८९९ पासून किंग इन्स्टिट्यूट आहे, लशी आणि सिरमसाठी ओळखली जाणारी. त्याच भागातल्या एका प्रयोगशाळेत सोलापूरची एक मुलगी रक्ताच्या डागांची तपासणी शिकत होती. मॅडमनी तिच्यासमोर डाग पडलेलं सुती कापड ठेवलं. रक्त कोणाचं, ते सांगितलं नाही.

डाग माणसाच्या रक्ताचा आहे का, हे तिने आधी पाहिलं. ही उलेनहुथची १९०१ सालची पद्धत. मानवी प्रथिनं टोचलेल्या सशाचं सिरम आणि डागाचा अर्क एकमेकांना भिडले, की मधे पांढुरकी रेघ उमटते. ती उमटली. मग गट. डागातले धागे सुटे करून तिने त्यांवर अँटी-ए, अँटी-बी घातलं, रात्रभर थंडीत ठेवलं, सकाळी धुऊन ५६ अंशांवर तापवलं आणि सुटलेल्या द्रवात माहितीतल्या गटांच्या पेशी मिसळल्या. पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत. तिने लिहिलं, ‘गट ओ’.

“ओ कुठे दिसला तुला?”

“ए नाही, बी नाही. मग ओच ना, मॅडम?”

“ओच्या पेशींवर एच असतो. तो शोधलास?”

युलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांच्या अर्काने एच ओळखता येतो. तिने तीही चाचणी केली. सोबत ठेवलेल्या ओ गटाच्या डागाने कौल दिला, हा डाग मात्र गप्प. तिचा चेहरा उजळला. “मॅडम, हा बॉम्बे ग्रुप!”

तिचा अभिमान खोटा नव्हता. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट शोधला. या माणसांच्या पेशींवर एचच नसतो. त्यामुळे ए किंवा बीचं जनुक असूनही ते उमटत नाही आणि नेहमीच्या चाचणीत ती ओ ठरतात. आई ओ, बाप ओ आणि मूल बी, असं एखाद्या घरात दिसलं तर त्या बाईवर काय काय आळ येऊ शकतो! एका अक्षरावर माणसाची अब्रू टांगलेली असते, म्हणून ते अक्षर घाईने लिहिणं मला अक्षम्य वाटतं.

“तुला तो हवाय, म्हणून दिसतोय,” मॅडम म्हणाल्या. “त्यासाठी माणसाचं ताजं रक्त लागतं. त्याच्या सिरममध्ये अँटी-एच सापडावं लागतं. डागावरून तेवढं कळत नाही.”

मग त्यांनी खरं सांगितलं. रक्त ओ गटाचंच होतं. कापड ओलं असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यांनी चेन्नईच्या दमट उकाड्यात ठेवलं होतं. जंतूंनी एच नासवला होता. सावलीत वाळवून कागदात गुंडाळलं असतं, तर तो टिकला असता.

“म्हणजे माझं पहिलं उत्तर बरोबर होतं?”

“उत्तर जुळलं, मा. पण त्या पिशवीत ए गटाचं कापड नासलं असतं, तरी तू ओच लिहिलं असतंस. आणि कोर्टात कोणीतरी त्या ओवर विश्वास ठेवला असता.”

तिने नवा कागद घेतला. ‘मानवी रक्त. ए, बी, एच आढळले नाहीत. गटाबद्दल मत देता येत नाही.’ थोडं थांबून तिने पुढे आणखी एक ओळ घातली: ‘नमुना ओला असताना प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला होता.’