मासा मोजायचा की आस?

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा धरायचा नाही. दोनच महिन्यांपूर्वी पापलेटला राज्यमासा केलं होतं, त्यामुळे निर्णय शोभूनही दिसला. हेतूबद्दल वाद नाही. पापलेट कमी झालं, हे पालघरजवळच्या सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगतच होते.

पण डोल जाळी वर येताना एकदा पाहावी. दोन खुंटांना बांधलेलं हे भलंमोठं नरसाळं भरती-ओहोटीच्या जोरावर भरतं. तोंडाशी जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, ऐसपैस; शेपटाकडे तो बारीक होत जातो आणि खोल्याच्या, म्हणजे शेवटच्या पिशवीच्या, आसात करंगळीही शिरायची नाही. खोला होडीत सोडला की बोंबील, जवळा, मांदेली आणि त्यांत मिसळलेली रुपयाएवढी पापलेटं एकदमच ओतली जातात. बहुतेक मेलेली, उरलेली मरणपंथाला लागलेली. इथे मोजपट्टी काढून करायचं काय? लहान मासा परत समुद्रात टाकला तर कायदा पाळला जातो. मासा काही जगत नाही.

म्हणजे मोजायचा तो आस. आणि आस पाण्याखाली असतो. एवढ्या लांब किनाऱ्यावर सरकार किती खोले तपासणार? कुणाच्या जाळ्याचा आस किती, हे शेजारच्या होडीवाल्याला ठाऊक असतं, जाळी विणणाऱ्याला ठाऊक असतं. नियम पाळला जायचा असेल तर तो या लोकांनी मिळून ठरवलेला असायला हवा.

गावाला नियम नवे नाहीत. उत्तर कोकणात डोल कुठे लावायची ती जागा ठरलेली असते. तिला कव म्हणतात. (अनेकवचन कवी. साहित्याशी संबंध नाही.) कव पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि शेजाऱ्याच्या कवीवर सहसा कुणी खुंट मारत नाही. हे कुठल्या राजपत्रात छापलेलं नाही, तरी चालतं.

मात्र या व्यवस्थेला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. वसई-उत्तनकडच्या डोलकरांनी पालघर-डहाणूसमोर कवी मारल्या म्हणून सातपाटीकडच्या जाळीवाल्यांशी त्यांचा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे. पिल्लं धरणारा बारीक खोलाही परंपरेतलाच आहे. गाव आपल्या हद्दीत शिस्त राखतं. गावागावांतलं भांडण त्याला मिटत नाही आणि रात्री दिवे लावून येणाऱ्या पर्ससीन नौकेचा पाठलाग करणं तर त्याच्या आवाक्याबाहेरच. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. ती राबवणं हे सरकारचं काम. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्यांनी, आंदोलन केलं ते हद्द मागायलाच, आणि १९८० च्या कायद्याने किनाऱ्याजवळचं पाणी ट्रॉलरना बंद झालं.

आपल्याकडे मदत म्हटलं की डोळ्यांसमोर डिझेल परतावा येतो. जो जास्त डिझेल जाळतो त्याला जास्त परतावा, असं हे गणित आहे. वाळूवर उभं राहून रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं? त्यापेक्षा खोला मोठ्या आसाचा करणाऱ्या डोलकराला पहिल्या हंगामातली तूट भरून दिली असती तर तो पैसा माशाच्याही कामी आला असता. मोठ्या आसातून जवळा निसटतो, आणि जवळ्यावर चूल चालणाऱ्या घराला नुसता उपदेश करून भागत नाही.

त्याहून निकडीची गोष्ट नोंदीची आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी. जमीन गेली तर शेतकरी सातबारा पुढे करतो. डोलकराने काय पुढे करायचं? कव त्याच्या डोक्यात आहे, शेजाऱ्याच्या डोक्यात आहे. बंदराच्या नकाशावर तिथे नुसतं निळं पाणी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत छोट्या मच्छीमारांचे असे रूढ हक्क ओळखावेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. मच्छीमार सहकारी संस्था गावोगाव आहेत, म्हातारे तांडेल अजून हयात आहेत. मत्स्यव्यवसाय खात्याने या दोघांना एका टेबलाशी बसवून कवींचा नकाशा करून घ्यावा, आणि तो बंदराचा भराव पडण्याआधी करावा.