रझांची घडण : शाळा आणि प्रवास

सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, तरी विद्याभ्यासासाठी आमच्या मुलांची पावले अजूनही नागपूरकडेच वळतात; आणि चित्रे काढणारा एखादा मुलगा या तहसिलीत निघालाच, तर त्याला कलाशाळेत घालावे की जग पाहण्यास मोकळे सोडावे, असा वाद आप्तेष्टांत हमखास उभा राहतो. शिक्षण आणि प्रवास यांना असे परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणे मला सर्वथा अयोग्य वाटते, आणि याच जुन्या मध्यप्रांतात वाढलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे चरित्र माझ्या या मताला भक्कम आधार देते.

रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले. वडील जंगलखात्यात डेप्युटी रेंजर. ककैयाच्या प्राथमिक शाळेत या चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. पुढे १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत त्यांचा हात तयार झाला. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली, परंतु तेथे पोहोचेपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेलेली. तेव्हा परत न फिरता त्यांनी एका ब्लॉक बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली, चित्रे काढणे चालू ठेवले, आणि कालांतराने जे. जे. मध्ये प्रवेशही मिळविला.

परंतु या चरित्रातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग १९४८ च्या काश्मीर प्रवासातील आहे. आदल्या वर्षी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत अग्रभागी असलेला, मुंबईत प्रदर्शन भरवून नावारूपाला आलेला हा तरुण तेथील निसर्ग रंगवीत असता, प्रख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्याची चित्रे पाहिली, गुणांची कदर केली, आणि चित्रांत रचनेचा अभाव आहे, चित्रकार सेझानचा अभ्यास कर, असे स्पष्ट सांगितले. ज्याचा हात अशिक्षित आहे त्याला या टीकेचा अर्थच लागला नसता, आणि जो घर सोडून बाहेर पडला नाही त्याच्या कानी ती कधी आलीच नसती. रझांनी ती मनावर घेतली. मुंबईत फ्रेंच भाषा शिकले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली, आणि १९५० साली पॅरिसला जाऊन तेथील कलाशाळेत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. नावलौकिक मिळू लागल्यावर पुन्हा बाकावर बसण्याची ही तयारी मला त्यांच्या प्रतिभेइतकीच थोर वाटते.

१९५६ साली फ्रान्समधील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. तरीही १९७० च्या दशकात स्वतःच्याच कामाविषयी असमाधान दाटून आले, भारताच्या फेऱ्या वाढल्या, आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी तो काळा बिंदू येऊन स्थिरावला, ज्याचे मूळ ते स्वतः ककैयाच्या त्या भिंतीपाशी नेत असत. खेड्यातील एका शिक्षकाने दिलेल्या धड्याचा पूर्ण अर्थ उमगण्यास सुमारे पाच दशके आणि समुद्रापलीकडचे वास्तव्य खर्ची पडले. दूरदेशी न जाता तो उमगला असता काय, याविषयी मला शंका आहे. आणि तो धडा मुळात मिळालाच नसता, तर पॅरिसच्या साऱ्या संग्रहालयांनी त्याची उणीव भरून काढली असती असेही मी मानीत नाही.

म्हणून सौंसरच्या पालकांना व शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकू नका, आणि मूल मोठे होऊन दूर जाऊ म्हणाले, तर त्याला अडवू नका.