विहीर किती खोल होती?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला 'कम्युनिकेशन स्किल्स' हा विषय होता. गणित आणि ड्रॉइंगच्या गर्दीत तो कुणी फारसा मनावर घेत नसे. पण आठवड्यातून एकदा त्याचं प्रॅक्टिकल असे आणि तेव्हा वर्गासमोर उभं राहून इंग्रजीतून बोलावं लागे. त्या दिवशी निम्म्या वर्गाच्या पोटात सकाळपासून गोळा यायचा. माझ्या यायचा नाही. कोरपन्याच्या शाळेत १ ऑगस्टला टिळकांवर आणि २६ जानेवारीला देशावर बोलून माझी भीड केव्हाच चेपली होती. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग'पासून 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'पर्यंतचा रस्ता मला डोळे मिटून चालता येई. टिळकांनी शेंगांची टरफलं उचलायला नकार दिला, ही गोष्ट मी सलग चार वर्षं सांगितली आणि दोनदा कंपासपेटी जिंकली. इंग्रजी माझंही कच्चंच होतं. पण कुठे थांबायचं, आवाज कुठे चढवायचा, हे मला कळत होतं आणि भाषा बदलली तरी ते कामी येतं.

दुसऱ्या सत्रात वादविवाद होता. विषय: खाणकाम, विकास की विनाश. बाजू चिठ्ठीने ठरायची. मला विकास आला. माझ्यासमोर विनाश आला तो आमच्याच भागातल्या एका मुलाला. तो कोलाम, डोंगराकडच्या एका गुड्यावरचा. घरी कोलामी, शाळेत मराठी आणि आता इंग्रजी, अशी त्याची ती तिसरी भाषा.

आमच्या तालुक्यात जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून जमिनीवर सिमेंटचे कारखाने आहेत. गडचांदूर, आवारपूर ही नावं बाहेरच्यांना माहीत असतात ती त्यामुळेच. माझे बाबा अशाच एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते आणि माझी फी त्या पगारातून भरली जात होती. त्यामुळे मला फार शोधावं लागलं नाही. रोजगार, रस्ते, शाळा असं सगळं तीन मिनिटांत मांडलं आणि शेवटी त्याच्याकडे वळून विचारलं, "माझा मित्र ज्या हॉस्टेलमध्ये झोपतो, ते कशाचं बांधलंय?" टाळ्या पडल्या.

तो उभा राहिला. बराच वेळ गप्प होता. मग मराठीत म्हणाला, "आमच्या विहिरीचं पानी गेलं." आणि खाली बसला.

वर्ग हसला. इंग्रजीच्या तासाला मराठी, आणि त्यात 'पानी'. मी घरी पानीच म्हणतो. माझी आई पानीच म्हणते. तरी मी हसलो.

गुणपत्रिकेत पाच रकाने होते: उच्चार, देहबोली, आत्मविश्वास, समोरच्याकडे पाहणं, वेळेचं भान. मला २५ पैकी २२ मिळाले, त्याला ९. त्या संपूर्ण तासात वर्गातल्या कुणालाही आधी माहीत नव्हती अशी एकच गोष्ट सांगितली गेली होती आणि ती त्याने सांगितली होती. पण तिच्यासाठी रकाना नव्हता.

मी खोटं बोललो का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला. माझं एकेक वाक्य तपासलं तर सगळी खरी होती. चिठ्ठीने आलेली बाजू मांडणं हा खेळाचा नियम होता. वकीलसुद्धा अशिलाची बाजू मांडतोच. पण वकिलासमोर उलटतपासणी असते, कागद असतात, निकालाची कारणं लिहावी लागणारा न्यायाधीश असतो. माझ्यासमोर फक्त टाळ्या होत्या.

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात वक्तृत्व शिकवणारा गॉर्जियस सॉक्रेटिसला अभिमानाने सांगतो, की माझा भाऊ वैद्य आहे. त्याचं औषध घ्यायला जे रोगी तयार नसतात त्यांना मी नुसत्या बोलण्याने तयार करतो. इथवर ठीक आहे. औषध वैद्याचं, शब्द गॉर्जियसचे. पण तो पुढे म्हणतो, की सभेपुढे वैद्य निवडायचा झाला तर खऱ्या वैद्याला कुणी विचारणार नाही, निवड माझीच होईल. सॉक्रेटिस याच जागी त्याला धरतो: म्हणजे न जाणणाऱ्यांपुढे न जाणणारा माणूस जाणत्यापेक्षा भारी ठरतो. आमच्या वर्गात हेच झालं होतं. विहिरीबद्दल मला काही माहीत नव्हतं, वर्गालाही नव्हतं. ज्याला होतं तो हरला.

यावर सरळ उत्तर असं की मग त्याने बोलायला शिकावं. ते चूक नाही. ज्यांना शतकानुशतकं बोलू दिलं नाही, त्यांच्या हाती भाषा येणं किती मोलाचं असतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळा नसती तर तो निबंध नसता. पण त्या शाळेने तिला विषय चिठ्ठीने दिला नाही. जे तिच्याकडे आधीपासून होतं, ते मांडायला तिला भाषा मिळाली. आमच्या वर्गात नेमकं उलटं होतं. तिथे भाषा होती, ढब होती, आणि काय सांगायचं ते चिठ्ठीवर.

काही वर्षांनी दिवाळीत गावी गेलो असताना एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती. मांडव, खुर्च्या, बिसलेरीच्या बाटल्या. अशा सुनावणीचे नियम २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहेत: किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने आलेल्या अधिकाऱ्याने अध्यक्षस्थानी बसायचं, सगळ्याचं चित्रीकरण करायचं, शेवटी कामकाजाचा सारांश लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. गणसंख्येची अट नाही. नियम म्हणून वाईट नाही. बोलण्याची सोय पूर्ण आहे.

एक म्हातारी माईकपाशी आली. कोलामीतून बोलू लागली. शेजारी उभा राहून तिचं बोलणं मराठीत सांगणारा माणूस मी ओळखला. तोच होता. ती मध्येच देवाचं सांगे, मध्येच मेलेल्या बैलाचं. मंचावरून आवाज आला, "आजी, मुद्द्यावर या." तो थांबला नाही. तिचं एकही वाक्य न गाळता, न सजवता सांगत राहिला. शेवटी सारांश वाचला गेला तेव्हा तिच्या वीसेक मिनिटांची एक ओळ झाली होती: पाण्याबाबत हरकत नोंदवली.

सभागृह बदललं होतं, रकाने तेच होते.

मी आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे तक्रारी येतात त्या बहुतेक अशाच: "चालत नाहीये." सांगणाऱ्याला नीट सांगता आलं नाही म्हणून बग नाहीसा होत नाही. आम्ही विचारतो, कुठल्या स्क्रीनवर, काय दाबलं, आधी काय केलं होतं. तासन्‌तास विचारतो. यात मोठेपणा काही नाही, तो आमच्या कामाचा भाग आहे. एका ॲपच्या बटणासाठी आपण इतकं खोदून विचारतो आणि माणसाच्या विहिरीसाठी मुद्द्यावर या म्हणतो, हे मला तिथे बसून लक्षात आलं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. त्याचं कौतुक पुष्कळ झालंय, पण या वर्गाच्या संदर्भात मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. म्हणजे कमी बोलणाऱ्याचं म्हणणं काय आहे, हे शोधून काढणं बाकीच्यांची गरज होते. मतं मोजायची असली की चांगलं बोलणाऱ्याचा फायदा. शेवटच्या माणसापर्यंत थांबायचं असलं की ऐकणं भाग पडतं. याला वेळ लागतो हे खरं. प्रत्येक ठिकाणी हे जमणार नाही, हेही खरं. पण बोलण्याचा वर्ग घ्यायचाच असेल तर निम्मे गुण ऐकणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांना द्यायला काय हरकत आहे?

सुनावणी संपल्यावर मी त्याला गाठलं. कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षानंतर सोडलं होतं. मी त्या वादविवादाचा विषय काढला आणि माफी मागायला लागलो. तो हसला.

"तू खोटं थोडीच बोलला होता. हॉस्टेल सिमिटाचंच होतं नं." मग जरा थांबून म्हणाला, "पन कोनी मले विचारलं असतं का बाबा तुही विहीर केवढी खोल होती, त मी सांगितलं असतं. इंग्लिशमंदी बी सांगितलं असतं, तुटकं-फाटकं."

मांडव सोडायला सुरुवात झाली होती. खुर्च्या एकमेकींवर चढत होत्या. मी विचारलं, "केवढी खोल होती?"

तो खाली बसला, मीही बसलो. विहीर त्याच्या आज्याने खोदली होती, तिथून त्याने सुरुवात केली.