सही कोणाची?

पॅसिफिक महासागरातल्या बोगनविल बेटावर बहुतेक कुळांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. स्त्री-पुरुष समतेचा प्रकल्प घेऊन तिथे कुणी कशाला जावे, असे वाटेल. पण पांगुनाची तांब्याची खाण निघाली तेव्हा परके अधिकारी बोलले ते पुरुषांशी. १९६९ साली खाणीच्या बंदरासाठी जमीन घेऊ लागले, तेव्हा रोरोवाना गावच्या बाया आडव्या आल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. बेटावर तेव्हा राज्य ऑस्ट्रेलियाचे होते. त्याच ऑस्ट्रेलियाने २०१२ साली पॅसिफिकच्या १४ देशांतल्या स्त्रियांसाठी १० वर्षांची, ३२ कोटी डॉलरची योजना जाहीर केली.

मदत नको, असे मी म्हणत नाही. सवाल प्रकल्प चालवणाऱ्याच्या नियतीचा आहे. गावात सभा भरते, मुखिया बोलतो, बाया मागे चटईवर बसतात. साहेबांनी एखादीला उठवून बोलायला लावले, तर अहवाल सजतो. साहेब होडीने परत जातात, ती मात्र त्याच घरात राहते. मग गप्प बसावे? १९६९ सालीही बायांना कुणी विचारले नव्हतेच.

मला वाटते, बायांना आधी वेगळे भेटावे. कोण बोलेल, केव्हा बोलेल, हे त्यांनी ठरवावे. "अजून नको" म्हणाल्या तर थांबावे, त्या वर्षाचा निधी परत गेला तरी.

आमच्या पालकसभेत आई येते, सगळे ऐकते आणि फॉर्म सहीसाठी घरी नेते. "तुम्हीच करा ना," मी म्हणते. ती हसते. मला फॉर्म त्याच दिवशी हवे असतात.