खेळाचा मालक कोण?



अमेरिकेतील हायस्कूलांच्या राष्ट्रीय क्रीडा महासंघाने २०१८ साली ई-स्पोर्ट्सला, म्हणजे संगणकावरील खेळांच्या सांघिक स्पर्धांना, आपल्या पंखाखाली घेतले. आता तेथे काही प्राथमिक शाळांतही असे संघ निघाले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मात्र कायद्याने मान्यता दिली. तेव्हा प्रश्न आपल्याही शाळांच्या दारात आला आहे.

खेळणे पाप नव्हे. खेळात सद्गुण असू शकतो का, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' ग्रंथात घेतला आणि होकार दिला. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसेच मनाचेही, हा संत योहानाचा दृष्टान्त ते तेथे देतात.

'घाम येत नाही, मग खेळ कसला?' ही तक्रार आम्हांला पटत नाही. बुद्धिबळात तरी कोणाला घाम येतो? शिवाय फुटबॉलच्या संघात ज्याला कोणी घेत नाही, त्या मुलाला येथे जागा मिळते. मध्यरात्री चादरीखाली एकटा खेळणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेसमोर, चार सोबत्यांबरोबर खेळतो. हे थोडे नव्हे.

आमची अडचण वेगळी आहे. हुतुतू कोणाच्या मालकीचा नाही. मुलाने चेंडू खाली ठेवला म्हणून चेंडू विकणाऱ्याचे काही बिघडत नाही. संगणकावरचा खेळ मात्र कंपनीचा असतो. नियम ती बदलते, खेळातले पोशाख ती विकते आणि मूल जितके रेंगाळेल तितका तिचा लाभ. शाळेने असा खेळ स्वीकारला की शाळेची पतही कंपनीला मिळते. उद्या मुलगा म्हणेल, 'डॅडी, सराव करतोय,' आणि डॅडी गप्प बसतील. गृहपाठापुढे जसे बसतात तसे!

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदाला पोहोचलेला कार्लो अक्युटिस संगणकात तरबेज होता. व्हिडिओ गेम त्यालाही आवडत, पण आठवड्याला एकच तास, हे बंधन त्याने स्वतःच घालून घेतले होते. शाळेच्या संघात त्याची निवड झाली असती तर तो एक तास कोणी पुरेसा मानला असता? अक्वायनसच्या मते खेळ मनाच्या विश्रांतीसाठी. दररोज सराव, गुणतक्ता, वर शिष्यवृत्तीची आशा; यात विश्रांती कोठे उरते?

एखाद्या शाळेने असा संघ काढायचे ठरवले, तर पालकांनी बक्षिसाआधी सरावाचे तास विचारावेत आणि खेळ कोणत्या कंपनीचा, तेही विचारावे. शाळा आपल्या धर्मग्रामाची असेल तर आम्हीही विचारू.